मानेवरील गाठ : काढावी की राहू द्यावी?

मानेवर सुपारीएवढी गाठ दिसली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "दुखत नाही ना, मग राहू द्या." दुसरा म्हणतो, "मुलीचे लग्न जमवायचे आहे, आताच काढून टाका." गाठ कोणत्या जातीची, हे विचारण्यापूर्वीच दोघांचा निकाल तयार असतो.

त्वचेखालील, वर बारीक काळा ठिपका असलेली गाठ लहान व शांत असेल, तर ती न काढताही चालते. गळ्याच्या मध्यरेषेवरील, जीभ बाहेर काढताच वर सरकणारी गाठ मात्र जन्मजात थायरोग्लॉसल सिस्ट असू शकते. ती पिकण्याचा संभव असल्याने शल्यचिकित्सक बहुधा ती काढण्याचा सल्ला देतात. नुसती पिशवी काढल्यास ती पुन्हा उद्भवू शकते. म्हणून १९२० साली सिस्ट्रंक यांनी वर्णिलेल्या पद्धतीने कंठातील हायॉइड अस्थीचा मधला भागही काढतात. तत्पूर्वी सोनोग्राफीत थायरॉइड ग्रंथी आपल्या जागी असल्याची खात्री करावी. क्वचित त्या गाठीतच रुग्णाची एकमेव थायरॉइड ग्रंथी असते.

चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या मानेच्या बाजूला नवी गाठ आली, तर तिला आपणच सौम्य ठरवू नये. विशेषतः खर्रा वा तंबाखूची सवय असेल, तर घशाची तपासणी व सुईने नमुना-परीक्षण तातडीने करावे. कापसाचा हंगाम आटोपेपर्यंत थांबणे येथे महाग पडते.

गाठ पिकली असेल, तर आधी संसर्ग शमवून मग शस्त्रक्रिया करणे बरे. घरी सुई टोचणे वा दाबून पिळणे सर्वथा टाळावे.

आता हिशेबाची बाजू. अनेक आरोग्यविमा पॉलिसींत सौम्य गाठींच्या शस्त्रक्रियेसाठी प्रतीक्षाकाळ असतो. तो कलम वाचूनच तारीख ठरवावी. परंतु निदान मात्र विम्यासाठी लांबवू नये.

डॉक्टरांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : न काढल्यास काय होईल? काढल्यास व्रण, मज्जातंतूंना इजा व पुनरुद्भव यांचा धोका किती? काढलेल्या गाठीची पॅथॉलॉजी तपासणी होईल ना? शंका उरल्यास अकोला वा अमरावतीस दुसरे मत घ्यावे. आपला अनेकांतवाद हेच शिकवतो, की एका बाजूने पाहिलेले सत्य अपुरे असते. आणि ज्या मुलीची मान आहे, तिचे मत त्यात सर्वप्रथम ऐकावे.