चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला

मोटारगाडीवर लिहिण्याचा प्रसंग आमच्यावर क्वचितच येतो. आज तो आला आहे, कारण एका गाडीपायी एका आजीची नातवंडांशी होणारी भेट वर्षभर लांबली.

आमच्या नात्यातील एक कुटुंब अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात चँडलर येथे राहते. फिनिक्स महानगराच्या आग्नेयेला वाळवंटात वसलेले हे शहर. डॉ. चँडलर या गुरांच्या डॉक्टरांनी १९१२ साली ते वसविले. आज तेथे इंटेलचे मोठे कारखाने आहेत. पूर्वेला सुपरस्टिशनचे डोंगर आणि टोंटोचे राखीव जंगल आहे. सुट्टीच्या दिवशी पिकअप घेऊन तिकडच्या दगडधोंड्यांच्या वाटा चढायच्या, हा अनेक तरुणांचा नाद. या घरातील थोरल्या मुलालाही तो लागला, आणि आपल्या टोयोटा पिकअपला पुढे सॉलिड ॲक्सल बसवायचे त्याने ठरविले.

सॉलिड ॲक्सल म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. पुढची दोन्ही चाके एकाच भक्कम लोखंडी नळीच्या दोन टोकांना जोडलेली असतात. एक चाक दगडावर चढले की दुसरे आपोआप खाली दाबले जाते, म्हणून खडकाळ वाटेवर चाके जमीन सोडत नाहीत. महिंद्रांनी मुंबईत जोडलेल्या जुन्या विलीज जीपगाड्या अशाच होत्या. टोयोटाच्या फोर-बाय-फोर पिकअपनाही अमेरिकेत १९८५ पर्यंत असाच ॲक्सल होता. १९८६ च्या मॉडेलपासून पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आले. डांबरी रस्त्यावर ते अधिक सुखाचे असते, हे कबूल करायला हवे.

मुलाला एका जड फोर्ड पिकअपचा जुना ॲक्सल भंगारात बऱ्या भावात मिळाला. येथेच हिशेब चुकला. ॲक्सलची किंमत हाच कामाचा खर्च, असे त्याने धरले. पण ॲक्सल ही नुसती कोंबडी. मसाला पुढेच असतो.

टोयोटाचे चाक सहा बोल्टांचे, फोर्डचे आठ. म्हणजे पुढची चाके मागे बसत नाहीत, आणि जवळचे एकच स्पेअर चाक दोन्हीकडे चालत नाही. मग मागचाही ॲक्सल बदला. ३१ इंची टायर काढून ३७ इंची लावले की इंजिनावर ओढ पडते, ४.१० चे गिअर होते तेथे ४.८८ च्या आसपासचे घालावे लागतात. ते पुढे आणि मागे सारखेच हवेत. नाहीतर फोर-व्हीलवर घेताच दोन्ही ॲक्सल एकमेकांशी झगडतात. नव्या डिफरन्शियलची बाजू ट्रान्सफर केसच्या बाजूशी जुळावी लागते. एक डावीकडे आणि दुसरे उजवीकडे असेल तर सारा सौदा फुकट. त्याशिवाय पाटे किंवा कॉइल स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर, नव्या मापाचा प्रोपेलर शाफ्ट, ब्रेकच्या लांब नळ्या, कदाचित मास्टर सिलिंडर, स्टिअरिंगचे दांडे, वेल्डिंगची मजुरी आणि शेवटी व्हील अलाइनमेंट. नट-बोल्ट, तेल, ग्रीस यांचे पैसे तर कोणी लिहूनच ठेवत नाही.

मार्च २०२३ मध्ये त्याने चॅसीवरचे जुने ब्रॅकेट कापले. लोखंड एकदा कापले की परतीची वाट उरत नाही. पैसे मे महिन्यात संपले आणि पाठोपाठ उन्हाळा आला. त्या वर्षी फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहूनही वर गेले. पत्र्याच्या गॅरेजात पान्हा हाती धरवेना. गाडी ठोकळ्यांवर उभी, मुलगा कामाला दुसऱ्याच्या गाडीतून जातो आहे, अशी दशा झाली. वडिलांनी गणेश चतुर्थीला सर्वांना घेऊन मॉरिशसला येण्यासाठी विमानभाड्याचे पैसे बाजूला ठेवले होते. ते गिअर आणि मजुरीत गेले. इकडे आजीने चतुर्थीला दार उघडे ठेवले, पण कोणी आले नाही.

एवढ्यावर भागले असते तरी आम्ही लिहिले नसते. गाडी रस्त्यावर आली तेव्हा हमरस्त्यावर एका खड्ड्यात चाक आदळले आणि स्टिअरिंग थडथड हलू लागले. चाकांचा कोन बरोबर साधला नव्हता, आणि ॲक्सलला आडवा धरून ठेवणाऱ्या दांड्याचा बोल्ट सैल होता. मुलाने वेग हळूहळू कमी करून गाडी कडेला घेतली, म्हणून निभावले.

ॲरिझोनात खासगी गाडीची दरवर्षी यांत्रिक तपासणी होत नाही. फिनिक्स परिसरात धुराची चाचणी तेवढी होते. भारतात याच्या उलट: कारखान्याने ठरविलेल्या मूळ रचनेत असे फेरफार करता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. आपल्याकडे गाडी फिटनेसला न्यावी लागते, याची आपण कुरकुर करतो. पण जेथे तपासणारा कोणी नाही, तेथे तपासण्याची जबाबदारी मालकावरच येते, हे त्या मुलाला रस्त्याच्या कडेला उभे राहून कळले.

असले नाद करू नयेत, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. हाताने काम शिकणारा मुलगा घराला भूषणच असतो. आमचे म्हणणे क्रमाविषयी आहे. आधी कागद, मग पैसा आणि सर्वांत शेवटी करवत. बारीकसारीक बोल्टासकट सारी यादी लिहावी आणि बेरजेवर आणखी चौथा हिस्सा धरावा. ती सारी रक्कम हाती आल्याशिवाय कापायला घेऊ नये. रोज कामाला नेणारी गाडी या कामात घालू नये. काटकसर करायचीच तर रंगात करावी, दिव्यांत करावी. स्टिअरिंग, ब्रेक आणि वेल्डिंग यांत कधीही नाही. आणि घरच्यांच्या भेटीसाठी ठेवलेल्या पैशाला हात लावू नये. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्या वाडवडिलांनी उगीच सांगितलेले नाही.

गाडी आता उत्तम चालते, असे मुलगा कळवितो. डोंगरावरचा फोटोही त्याने आजीला पाठविला. आजीने तो पाहिला आणि एवढेच विचारले, “ही गाडी इथवर येते का रे?”