खाच आणि कुलूप

'प्लगइन' हा शब्द आपल्या धंद्यात फार स्वस्त झालाय. प्रत्येक डिझाइन मीटिंगमध्ये कोणीतरी "हे प्लगेबल ठेवू या" म्हणतं, सगळे माना डोलावतात, आणि सहा महिन्यांनी कोड उघडून बघावं तर प्लगेबल म्हणजे चारशे ओळींचा इफ-एल्स! म्हणून या वीकेंडला अशा एका यंत्राबद्दल लिहितोय ज्याने हा शब्द खरा करून दाखवला. आणि शेवटी थोडं भांडायचंही आहे, आधीच सांगून ठेवतो.

यंत्र म्हणजे ऑसिलोस्कोप. व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं, त्याचं चित्र पडद्यावर काढणारा डबा. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये १९४६ साली टेक्ट्रॉनिक्स नावाची कंपनी निघाली. १९५०च्या दशकात तिने ५३० आणि ५४० या मालिका काढल्या. व्हॅक्यूम ट्यूबवाले, पंचवीस-तीस किलोचे धूड. पडद्याखाली एक चौकोनी पोकळी. त्या पोकळीत एक मॉड्यूल सरकवायचं, मागे १६ पिनांचा कनेक्टर बसतो, खालचा नॉब फिरवून आवळायचं. झालं. दोन सिग्नल एकत्र बघायचे असतील तर सीए नावाचं मॉड्यूल, स्ट्रेन गेज मोजायचा तर क्यू, ट्रान्झिस्टर तपासायचा तर आर. डबा तोच, तोंड बदलायचं.

आता गंमत बघा. त्या १६ पिनांवर काय ठरलंय? मुख्य डबा मॉड्यूलला वीज देणार: उणे १५०, अधिक १००, २२५ आणि ३५० व्होल्ट, शिवाय ट्यूबच्या फिलामेंटसाठी वेगळी. मॉड्यूलने दोन पिनांवर एकमेकांच्या उलट दिशेने हलणारा सिग्नल परत द्यायचा, पडद्यावरच्या प्रत्येक सेंटीमीटरला ०.१ व्होल्ट या हिशोबाने. करार मुख्यतः एवढाच! आत ट्यूब आहे की ट्रान्झिस्टर, याच्याशी मुख्य डब्याला देणंघेणं नाही. म्हणून १९६०च्या दशकात आलेलं १ए१ हे मॉड्यूल १९५०च्या दशकातल्या डब्यातही चालतं. पुढे जास्त वेगवान ५८० मालिकेत कनेक्टर बदलावा लागला, तेव्हा जुनी मॉड्यूल्स वाऱ्यावर सोडली नाहीत. टाइप ८१ नावाचा अ‍ॅडॅप्टर काढला. आपण पुस्तकात 'अ‍ॅडॅप्टर पॅटर्न' पाठ करतो ना, तो हाच. फक्त हा हातात धरता येतो.

१९६९ साली आलेली ७००० मालिका तर कमालच आहे. मॉड्यूलच्या सर्किट बोर्डाची मागची कडाच कनेक्टर. ३८ पट्ट्या एका बाजूला, ३८ दुसऱ्या बाजूला, सरळ सॉकेटमध्ये. आणि मॉड्यूल नुसता सिग्नल देत नाही, स्वतःची ओळखही देतं: "मी सध्या एका घराला ५ मिलिव्होल्टवर आहे." मायक्रोप्रोसेसर नाही, मेमरी नाही, मग कसं? डबा दहा तारांवर आळीपाळीने उणे १५ व्होल्टचा ठोका देतो. मॉड्यूलमध्ये त्या तारांना रोधक जोडलेले असतात. १५० किलोओहमचा असेल तर ०.१ मिलिअँपिअर प्रवाह, ७५ चा असेल तर ०.२. एक प्रवाह ओळ सांगतो, दुसरा स्तंभ, आणि तक्त्यात त्या जागी असलेलं अक्षर पडद्यावर उमटतं. म्हणजे प्रोटोकॉल कोणता, तर ओहमचा नियम! हे डोकं बॅरी गिल्बर्ट यांचं, तेच ज्यांच्या नावाचा 'गिल्बर्ट सेल' अ‍ॅनालॉगवाल्यांना पाठ असतो. याच खाचेत पुढे स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आले, लॉजिक अ‍ॅनालायझर आले, आणि १९८०च्या दशकात ७डी२० आलं, ज्याने अ‍ॅनालॉग स्कोपला चक्क डिजिटल स्टोरेज दिलं.

आणि हे सगळं मला कुठून कळलं? मॅन्युअलमधून. प्रत्येक पिन, प्रत्येक व्होल्टेज, पूर्ण सर्किट, कुठल्या बिंदूवर कसा तरंग दिसायला हवा याची चित्रं. यंत्र विकत घेतलं म्हणजे ते समजून घेण्याचा हक्कही घेतला, असा सरळ व्यवहार होता.

आता भांडण.

आजचा डिजिटल स्कोप घ्या. ५० मेगाहर्ट्झचा स्वस्त, १०० चा महाग. आत फरक काय? कित्येकदा काहीच नाही! २०१० साली हौशी लोकांनी रायगॉलच्या डीएस१०५२ई मध्ये दाखवून दिलं की ५० वाला आणि १०० वाला एकाच हार्डवेअरवर उभे आहेत. फरक सॉफ्टवेअरमधल्या नोंदीचा. आज तर हा उघड आणि सर्वमान्य धंदा आहे. बँडविड्थ हवी, लायसन्स की घ्या. सीरियल बसचं डीकोडिंग हवं, लायसन्स की घ्या. याला म्हणतात 'अपग्रेड'. अहो, भाग आधीच आपल्या टेबलावर आहे, वजन आपण उचललंय, जकात-जीएसटी आपण भरलाय. फक्त त्याला कुलूप आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आज कमी पैशात घ्या, गरज पडेल तेव्हा वाढवा, वाईट काय? ऐकायला बरं वाटतं. पण मॉड्यूल आणि की यांची तुलना करून बघा. मॉड्यूल शेजारच्या लॅबला उसनं देता येतं. सेकंडहँड विकता येतं. एक डबा मेला तर दुसऱ्यात सरकवता येतं. की बऱ्याचदा सीरियल नंबरला बांधलेली असते. यंत्र मेलं की तीही सती जाते. मॉड्यूल ही मालमत्ता आहे, की ही परवानगी आहे.

जुनं ते सोनं असं मी म्हणत नाहीये. ते धूड गरम होतं, वीज खातं, आत माणूस मारायला पुरेसं व्होल्टेज असतं, आणि मोजमापात आजचा साधा स्कोपही कित्येक बाबतींत त्याला मागे टाकतो. टेक्ट्रॉनिक्स म्हणजे संतही नव्हे. ५४० चं मॉड्यूल ७००० मध्ये बसत नाही, खाच शेवटी एकाच कंपनीची. पण सगळ्यांची खाचही करता येते. अणुभौतिकीवाल्यांनी १९६४ मध्ये निम हे मानक ठरवलं: पेटीचं माप, कनेक्टर, व्होल्टेज, सगळं जाहीर. कोणाचंही मॉड्यूल कोणाच्याही पेटीत. आपल्या कुलाब्याला टीआयएफआरमध्ये १९८८ साली पेलेट्रॉन उभा राहिला, तिथल्या प्रयोगांत याच जातीच्या पेट्या वापरल्या गेल्या. म्हणजे अशक्य काही नाही, इच्छा लागते.

इच्छेचं आपल्याकडे काय होतं ते पाहिलंय. नाशकातल्याच एका कॉलेजात (नाव नको) लॅबच्या कपाटावर प्लगइनवाला जुना स्कोप धूळ खात होता. उघडून बघू का विचारलं तर सर म्हणाले, "डेडस्टॉकचा आहे, हात लावू नकोस." निर्लेखन झालं आणि तो किलोच्या भावाने गेला. सातपूर-अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ साली हटवला, पण भंगारवाला काही हटला नाही. त्याला तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम दिसतं, मुलांना जे दिसलं असतं ते तराजूत बसत नाही. जागी बंद डबे आले. मुलं ऑटोसेट दाबतात, फाइलमध्ये तरंग चिकटवतात, व्हायवा देतात.

केंद्र सरकारने २०२२ साली 'राइट टू रिपेअर'ची समिती नेमली. तिने सुरुवातीला चार क्षेत्रं निवडली: शेती अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि गाड्या. उत्तम. प्रयोगशाळेची उपकरणं त्यात नव्हती. ती यायला हवीत. सरकारी किंवा अनुदानित पैशाने घेतलेल्या प्रत्येक उपकरणासोबत सर्व्हिस मॅन्युअल आणि मालकासोबत हस्तांतरित होणारं लायसन्स सक्तीचं करा. टेंडरमध्ये दोन ओळी वाढतील, इतकंच. आणि निर्लेखन करण्याआधी ते यंत्र एक सेमिस्टर मुलांना उघडायला द्या. प्लग काढून, सर नीट शिकवणार असतील तर.

राहता राहिलो आपण. ही कुलपं हार्डवेअरवाला बनवत नाही. ती बनते जिरावरच्या एका तिकिटात, दोन स्प्रिंटमध्ये, आपल्यासारख्याच कोणाच्या तरी कीबोर्डवर. 'फीचर गेटिंग' असं गोड नाव असतं त्याला. पुढच्या वेळी असं तिकीट आलं तर निदान मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारा: आपण खाच बनवतोय की कुलूप? उत्तर माहीत असूनही विचारा. मिनट्समध्ये तरी येईल.