आदोळी, मिक्सर आणि काउंटर

गेल्या चतुर्थीला मी भाचीशी भांडलो. ती प्रॉडक्ट डिझाइन शिकते, तिसऱ्या वर्षाला आहे. "मामा, तू बी. ए. वाला, जरा वाचून बघ," म्हणत तिने बारा पानांचे चिंतन माझ्या हातात ठेवले. (घरात आम्ही कोकणीत बोलतो आणि लिहायला बसलो की मराठीत. ज्यांना यात विसंगती दिसते त्यांच्याशी पुन्हा कधीतरी.)

पहिली नऊ पाने ठीक होती. जर्मनीतल्या ब्राउन कंपनीचे डीटर राम्स आणि त्यांची चांगल्या डिझाइनची दहा तत्त्वे. 1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला दिलेला अहवाल, त्यात आपल्या साध्या लोट्याचे केलेले कौतुक. त्या अहवालाच्या वाटेने 1961 साली अहमदाबादला उभी राहिलेली राष्ट्रीय डिझाइन संस्था. दहाव्या पानावर मात्र माझ्या आईची आदोळी आली. आदोळी म्हणजे घाटावरच्यांची विळी. भाचीने लिहिले होते की ही वापरणाऱ्याला शिक्षा करणारी वस्तू आहे, ती नव्याने घडवली पाहिजे.

माझे डोके फिरले. मी तिला चांगले अर्धा तास ऐकवले. सुरी हातात धरावी लागते, आदोळीचे पाते स्वतः उभे राहते आणि दोन्ही हात मोकळे ठेवते. फळी दाबून धरायला बसणाऱ्याचेच वजन कामाला येते. त्याच पात्यावर बांगडा कापायचा, भाजी चिरायची आणि टोकाच्या दातेरी चकतीवर नारळाची सोय काढायची. वीज लागत नाही, धार कुठलाही लोहार लावून देतो. हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?

मला साथही मिळाली. एका काकांनी सांगितले, खाली बसणे हेच आसन आहे, बायकांचे गुडघे त्यामुळेच शाबूत राहायचे. दुसऱ्यांनी मिक्सरच्या वाटणाला चव नसते हे जुने गाऱ्हाणे काढले. संस्कृतीची बाजू एकदम भक्कम झाली.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "दोन वर्षे झाली, माझे गुडघे वळत नाहीत. आदोळी मी ओट्यावर ठेवते. फळी हलते म्हणून तुझी बायको ती दाबून धरते."

म्हणजे दोन वर्षे आमच्या घरात एक नारळ खोवायला दोन बायका लागत होत्या. त्याच सोयीचे हुमण मी रोज जेवत होतो आणि मला पत्ता नव्हता. त्या खोलीत आदोळीची थोरवी गाणारे आम्ही चौघे पुरुष होतो. चौघांपैकी एकानेही जन्मात नारळ खोवलेला नाही.

म्हणून या लेखातला राग भाचीवर नाही. तो माझ्यासारख्या सांस्कृतिक मंडळींवर आहे, जी जुन्या वस्तूची आरती ओवाळतात आणि ती वस्तू वापरते कोण हे विचारत नाहीत. आपले मासिक लेख, व्याख्यानमाला, स्मरणिका यांत पाटा, रगडा, उखळ यांच्यावर किती गहिवर असतो पाहा. गहिवरणारा नेहमी जेवणाऱ्या बाजूचा. आदोळी उत्तम आहेच, माझे ते म्हणणे मी मागे घेत नाही. पण ती उत्तम आहे मांडी घालून बसता येणाऱ्या माणसासाठी. ओटा उभा झाला, जमिनीवरचा स्वयंपाक कंबरेच्या उंचीवर आला, आणि आदोळी तेवढी खाली राहिली.

आता भाचीच्या गुरुजनांकडेही वळतो, नाहीतर ती म्हणेल मामा एकाच बाजूला बोलतो. तिच्या निबंधात फिलिप स्टार्क यांच्या लिंबू पिळण्याच्या यंत्राचे मोठे चित्र आहे. 1990 साली इटलीच्या अलेस्सी कंपनीने काढलेले, ॲल्युमिनियमचे, तीन लांब पायांचे. त्याला रस धरायला वाटी नाही आणि बिया अडवायला गाळणी नाही. संग्रहालयात शोभते. आमच्या बाजारात मिळणारी दोन दांड्यांची लिंबूपिळणी कुठल्या चित्रात नाही, कारण तिच्यावर कोणाची सही नाही.

आणि राम्स! त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्यांच्याच ब्राउन कंपनीचा एक मिक्सर मुंबईच्या माथुर दांपत्याच्या घरी होता. तो बिघडला आणि इथे त्याला दुरुस्त करणारे कोणी नव्हते. सत्यप्रकाश माथुर हे इंजिनिअर. भिजवलेली डाळ, ओले खोबरे, सुकी हळद हे सगळे सोसणारी मोटर हवी म्हणून त्यांनी स्वतःच यंत्र घडवले, आणि 'सुमीत' देशभर घरोघरी गेला. जर्मन मिक्सर वाईट नव्हता. तो घडवताना समोर चटणी नव्हती, एवढेच. ही गोष्ट भाचीच्या बारा पानांत नाही. दहा तत्त्वे आहेत.

माप कोणाचे घेतले, हा माझा सगळा मुद्दा आहे. भारतीय माणसांच्या शरीराच्या मापांचे देबकुमार चक्रवर्ती यांचे पुस्तक अहमदाबादच्या संस्थेने 1997 साली काढले. म्हणजे स्वातंत्र्याला पन्नास वर्षे होत आली तेव्हा.

माझ्या स्वतःच्या टेबलाची गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. आम्ही कारकून मंडळी सरकारी सामानाची निविदा टंकतो. काउंटर हवा असला की जुनी फाइल काढायची, लांबी, रुंदी, उंची, प्लायवुडची जाडी उतरवायची. सगळ्यात कमी दरवाला पास. काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयाचा काउंटर असाच झाला: उंची 42 इंच, वर काच, काचेत खालच्या बाजूला अर्धगोल भोक. त्या भोकातून बोलायला उंच माणसाला वाकावे लागते आणि आईच्या उंचीच्या बाईला टाचा उंचावाव्या लागतात. व्हीलचेअरवरचा माणूस तर मला दिसतच नाही. 2016 च्या कायद्याने दिव्यांगांसाठी सार्वजनिक इमारती सुगम करायला सांगितले, ते परिपत्रकही मीच फाइलला लावले. 42 हा आकडा मी टंकला होता. जुन्या फाइलमध्ये तो कुठून आला, मी विचारले नाही.

सरकारला जमतच नाही असेही नाही. मतदानाच्या ड्यूटीला मी अनेकदा गेलो आहे. मतदान यंत्राच्या घडणीत मुंबई आयआयटीच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या प्राध्यापकांचा हात होता. यंत्रावरचे राजकीय वाद बाजूला ठेवा आणि नुसते बटण बघा. नाव, चिन्ह आणि त्याच ओळीत निळे बटण. दाबले की लाल दिवा आणि लांब आवाज. बाजूला ब्रेलमध्ये अंक. अक्षरओळख नसलेली म्हातारी आत जाते आणि कोणाला न विचारता बाहेर येते. 1999 च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या गोव्यात सगळीकडे हीच यंत्रे होती. तिथे कोणीतरी त्या म्हातारीला डोळ्यांसमोर ठेवले होते. (डिझाइनला सरकारी कोशात 'अभिकल्प' म्हणतात. शब्द चांगला आहे, पण आमच्या एकाही निविदेत मी तो पाहिलेला नाही.)

भाचीला मी निबंध परत दिला. स्टार्कचे चित्र काढ, माथुरांचे घाल, आणि दहाव्या पानावरचे वाक्य तसेच ठेव, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी ती शिंप्याची टेप घेऊन आजीची मापे घेत होती: कोपर जमिनीपासून किती, बसल्यावर गुडघा किती वळतो, मनगटाला जोर किती. आई हसत होती, "ब्लाउज शिवणार आहेस की काय?"

मग भाची माझ्याकडे वळली. "मामा, तुमच्या काउंटरची उंची किती?"

मी सांगितली. तिने वहीत आजीच्या कोपराच्या आकड्याशेजारी 42 लिहिले आणि विचारले, नवीन निविदा कधी निघणार आहे.

पुढच्या मार्चमध्ये.