अनुत्तरित प्रश्न आणि विसरलेले प्रश्न : ‘ट्विन पीक्स’च्या निमित्ताने

अतिमानुष घटनांवर आधारलेली दूरचित्रवाणी मालिका संपली, की तिच्याविषयीची चर्चा बहुधा दोन टोकांना जाते. एका टोकाला सुटे राहिलेले धागे मोजणारा प्रेक्षक असतो. अमुक पात्राचे पुढे काय झाले, तमुक घटनेचे कारण कोणते, असे प्रश्न तो एकापुढे एक मांडतो आणि त्यांच्या संख्येवरून मालिकेचे अपयश ठरवतो. दुसऱ्या टोकाला अनेकार्थतेचा पुरस्कार करणारा समीक्षक असतो. संहितेत जे सांगितले गेले नाही ते हेतुपुरस्सरच सांगितलेले नाही, असे तो गृहीत धरतो. पहिली भूमिका कथानकाला जमाखर्चाची वही मानते, तर दुसरी प्रत्येक निष्काळजीपणाला सौंदर्यतत्त्वाचा आश्रय देते. उत्तर मिळाले की नाही, एवढ्याच कसोटीवर दोन्ही भूमिका उभ्या आहेत. वास्तविक येथे निराळी कसोटी लावणे आवश्यक आहे. ज्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, त्याचे स्मरण संहितेला आहे काय?

कथनमीमांसेत या कसोटीची पूर्वतयारी झालेली आहे. रोलाँ बार्थ यांनी १९७० मध्ये रहस्यसंकेताची चर्चा करताना कोडे मांडणे, ते लांबवणे आणि उलगडणे या कथनाच्या क्रिया असल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी नैसर्गिक आणि अतिमानुष अशा दोन स्पष्टीकरणांमधील दोलायमान अवस्थेत अद्भुताचे स्वरूप शोधले. वोल्फगांग इझर यांच्या विवेचनातील रिक्त जागा म्हणजेही केवळ अभाव नव्हे. संहितेतील खुणा वाचकाला तिच्याकडे नेतात आणि ती भरण्यास उद्युक्त करतात. ज्या रिकाम्या जागेकडे संहिता बोटच दाखवत नाही, ती या अर्थाने रिक्त जागा ठरत नाही. अतिमानुष कथनात हा भेद अधिक कसोशीने पाळावा लागतो. तेथे लौकिक कार्यकारणभाव शिथिल झालेला असल्याने कोणतीही विसंगती ‘शक्ती’च्या नावावर खपवता येते. वास्तववादी कादंबरीतील चूक लगेच उघडी पडते, भुताच्या गोष्टीतील चूक मात्र भुताच्या आड लपते. म्हणूनच येथे अंतर्गत नियमांचे दायित्व वाढते.

डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची ‘ट्विन पीक्स’ ही मालिका या दृष्टीने अभ्यसनीय आहे. अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर तिचे ३० भाग ८ एप्रिल १९९० ते १० जून १९९१ या काळात प्रसारित झाले. लॉरा पामर या शाळकरी मुलीचा खून कोणी केला, हा तिचा आरंभीचा प्रश्न. निर्मात्यांना त्याचे उत्तर इतक्या लवकर द्यायचे नव्हते. वाहिनीच्या आग्रहाखातर ते १० नोव्हेंबर १९९० च्या भागात प्रेक्षकांसमोर उघड करण्यात आले. खुनी लॉराचे वडील लेलँड पामर होते आणि त्यांच्या देहात ‘बॉब’ नावाच्या दुष्ट शक्तीचा संचार होता. या उत्तराने मालिकेचा प्राण गेला, अशी खंत लिंच यांनी पुढे अनेकदा व्यक्त केली, आणि समीक्षेनेही ती प्रायः प्रमाण मानली.

हे निदान तपासून पाहण्याजोगे आहे. उत्तर मिळाल्यामुळे मालिका दुबळी झाली, असे म्हणण्यापेक्षा त्या उत्तरातून जो नवा, अधिक भयंकर प्रश्न जन्माला आला तो तिने सोडून दिला, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल. लेलँडच्या मृत्यूनंतर तपास करणारी माणसे रानात उभी राहून बोलतात. बॉब खरोखर होता काय, की माणसाच्या हातून घडणाऱ्या दुष्कृत्यालाच ते नाव दिले गेले, हा संशय तेथे उघडपणे मांडला जातो. बापाने मुलीवर वर्षानुवर्षे अत्याचार केले, हे मानणे जड जाते म्हणून पिशाच मानणे सोपे वाटते काय? तोदोरोव्ह यांना अभिप्रेत असलेली दोलायमानता येथे नैतिक पातळीवर पोहोचते. परंतु लगेचच्या भागात लेलँडच्या निधनानंतर पामरांच्या घरी गाव जमते, खाणेपिणे होते, दोन म्हाताऱ्या भावांचे हास्यास्पद भांडण रंगते आणि कथानक दुसरीकडे वळते. मुलगी आणि नवरा दोघांनाही गमावलेली सारा पामर त्यानंतर अखेरच्या भागापर्यंत जवळजवळ अदृश्य होते. त्या घरात काय चालले होते हे गावाला खरोखर माहीत नव्हते काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ‘ट्विन पीक्स’मधील सर्वांत मोठी त्रुटी ही आहे. सुट्या धाग्यांच्या याद्यांमध्ये मात्र ती क्वचितच आढळते. तेथे जोसी पॅकार्डचा चेहरा लाकडी मुठीत कसा उमटला, यासारखी कोडी अग्रभागी असतात.

याउलट १९९१ चा शेवट पाहावा. गुप्तचर डेल कूपर आरशावर डोके आपटतो आणि आरशात बॉबचे प्रतिबिंब दिसते. मालिका तेथेच थांबली आणि शेवट अर्धवट राहिल्याची तक्रार झाली. तरीही हा प्रश्न विसरला गेला नाही. १९९२ च्या ‘फायर वॉक विथ मी’ या चित्रपटात अ‍ॅनी लॉराच्या स्वप्नात येऊन सांगते, की खरा डेल आत अडकलेला आहे आणि हे तिने रोजनिशीत लिहून ठेवावे. २०१७ मध्ये शोटाइम वाहिनीवर आलेल्या १८ भागांच्या तिसऱ्या पर्वात त्या रोजनिशीची पाने पोलीस ठाण्यातील स्वच्छतागृहाच्या दारात सापडतात. पंचवीस वर्षे उत्तर नव्हते, पण प्रश्न संहितेच्या पोटात जिवंत होता. विलंब आणि विस्मरण यांतील अंतर यापेक्षा स्पष्ट दाखवता येणार नाही.

हीच कसोटी ‘लॉस्ट’ (२००४–२०१०) या मालिकेलाही लावता येते. काळाच्या प्रवाहात भरकटलेल्या मंडळींच्या होडीवर दुसऱ्या होडीतून गोळ्या झाडणारे कोण, हे मालिकेने अखेरपर्यंत सांगितले नाही. प्रेक्षक या दुव्याचा उल्लेख वारंवार करतात, परंतु त्यावर कोणाचेही भवितव्य अवलंबून नसल्याने ती त्रुटी किरकोळ ठरते. बेटावर गर्भधारणा झालेल्या स्त्रिया दगावतात, ही गोष्ट तशी नव्हे. ज्युलिएट या डॉक्टर स्त्रीला त्याच कारणासाठी फसवून बेटावर आणले जाते. तिचे सारे आयुष्य या प्रश्नाने मोडते. पुढे त्याचे कारण तर स्पष्ट होत नाहीच, पण ते जाणून घेण्याची निकडही कोणाला उरत नाही. ज्या प्रश्नाची किंमत पात्रांनी जिवाने मोजली, तो कथनाने सहज खाली ठेवून द्यावा, हा दोष गोळीबाराच्या कोड्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. मालिका ही एका लेखकाची कृती नव्हे; वाहिनीचा दबाव, नटांची उपलब्धता, पर्वांची अनिश्चितता यांनी ती घडते. ‘लॉस्ट’चा शेवट २०१० मध्ये होईल हे २००७ मध्ये, म्हणजे मालिका निम्मी झाल्यावर ठरले. ही वस्तुस्थिती मान्य केली, तरी तिच्यामुळे त्रुटीचे कारण समजते. त्रुटीचे समर्थन होत नाही. किंबहुना बॉबचा उगमही अपघातातच आहे. नेपथ्यविभागातील फ्रँक सिल्व्हा यांचे प्रतिबिंब चित्रीकरणाच्या वेळी चुकून आरशात आले आणि लिंच यांनी ते ठेवून दिले. अपघात स्वतः दोषही नव्हे आणि गुणही नव्हे. संहिता त्याला पुढे कसे सामावून घेते, यावर त्याचे मूल्य ठरते. बॉबच्या बाबतीत आरशातील अपघाताचे शेवटच्या आरशापर्यंत प्रतिमेत रूपांतर झाले. साराच्या दुःखाच्या बाबतीत तसे त्या काळी झाले नाही.

ते झाले २०१७ मध्ये. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस कूपर भूतकाळ बदलून लॉराला वाचवू पाहतो आणि लॉरासारख्या दिसणाऱ्या स्त्रीला घेऊन पामरांच्या दाराशी येतो. घरात भलतीच मंडळी राहत असतात. हे कोणते वर्ष, असे तो गोंधळून विचारतो. दुरून साराची हाक ऐकू येते, ती स्त्री किंचाळते आणि घरातील दिवे विझतात. कथानकाच्या दृष्टीने येथे काहीही उलगडत नाही. तरी हा शेवट पोकळ वाटत नाही, कारण १९९० मध्ये ज्या घराकडे गावाने पाठ फिरवली, त्याच घरासमोर संहिता प्रेक्षकाला परत आणून उभी करते. जे घडले ते पुसता येत नाही, एवढे ती निःसंदिग्धपणे सांगते.

मराठी साहित्याच्या अध्यापनात हा विवेक उपयोगी पडेल. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा शिकवताना ‘शेवट सूचक आहे’ हे विधान पुरेसे मानले जाते. सूचकता कशाची आणि ती कोणत्या खुणांवर उभी आहे, हे दाखवण्याचे कष्ट टाळले जातात. दैनंदिन मालिकांचा अभ्यास वाढत असताना तर हे अधिकच निकडीचे आहे. ‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६) या मालिकेच्या २०१९ च्या दुसऱ्या पर्वाने पहिल्या पर्वापूर्वीचा काळ सांगितला. अशा रचनेत मागाहून आलेले उत्तर आधीच्या प्रश्नाशी इमान राखते काय, हे तपासणे अभ्यासकाचे काम ठरते. किती प्रश्न सुटले, यापेक्षा कोणते प्रश्न टाकून दिले गेले आणि त्यांसोबत कोणाचे दुःख टाकून दिले गेले, हे पाहणारी समीक्षाच या साहित्यप्रकाराला न्याय देऊ शकेल.