सही बाईची, डोस्कं कोणाचं?

अचलपूर-परतवाड्याच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर बाईच्या पुढारपणाचा विषय काढा, निकाल दोन मिनिटांत लागतो. “सही बाई करते, डोस्कं बुवाचं चालते.” हसणाऱ्यांत बायकाही असतात. त्याच टपरीवरच्या पेपरात मेळघाटातल्या एखाद्या डॉक्टरीणबाईंचा किंवा अनाथांच्या माईंचा फोटो आला, की तीच माणसं गहिवरतात. “बाईचं काळीजच तसं राहते बाप्पा.” डोकं नाही हे एक मत आणि काळीज मोठं हे दुसरं. वरवर ही मतं एकमेकांविरुद्ध दिसतात, पण दोघांचा परिणाम एकच. बाई जी संस्था चालवते, जी ग्रामपंचायत सांभाळते, जो गट वर्षानुवर्षं टिकवते, त्यातला कारभार कोणाच्या नजरेस पडत नाही. मला या दोन्ही मतांशी भांडायचं आहे, आणि त्यातही दुसऱ्या, गोड मताशी जास्त.

आधी पहिलं. सरपंचबाईच्या खुर्चीशेजारी खुर्ची टाकून बसणारा नवरा ही कोणाची कल्पना नाही. ही गोष्ट इतकी सर्रास आहे की केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाला २०२३ मध्ये त्यावर समिती नेमावी लागली. अचलपूर तालुका याला अपवाद आहे असा माझा दावा नाही. प्रश्न असा, की यातून सिद्ध काय होतं? नवरा अधिकार बळकावतो, हे. मग त्याचा दोष बायकोच्या अकलेच्या खात्यावर कसा मांडला जातो? घरात चोरी झाली तर आपण घरमालकाला घर सांभाळायला नालायक ठरवून घर चोराच्या नावावर करत नाही.

शिवाय आरक्षण येण्याआधी कोणत्या गावात सरपंच स्वतःच्या डोक्याने चालत होता, हेही एकदा सांगा. सेवा सहकारी सोसायटीचे अध्यक्ष, बाजार समितीचे संचालक, नगरपरिषदेचे सभासद अशी कितीतरी पुरुष मंडळी वऱ्हाडात वर्षानुवर्षं कोणा भाऊंच्या, कोणा साहेबांच्या इशाऱ्यावर हात वर करत आली. त्यांना कोणी ‘साहेबांचा सरपंच’ म्हणून मोडीत काढलं नाही, आणि पुरुषांना कारभार जमत नाही असा निष्कर्ष तर त्यावरून कोणीच काढला नाही. बाहुली पुरुष असली की त्याला राजकारण म्हणतात.

आरक्षणाने बाईला उगाच पुढे ओढलं, असं म्हणणाऱ्यांना इतिहासही सोयीपुरताच आठवतो. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९२ ची, अंमल १९९३ पासून. त्याच्या आधी, १९८९ च्या सुमारास, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने गावोगावी पूर्ण बायकांची पॅनेलं उभी केली. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटिखेड्यात ती निवडून आली, जळगावच्या विटनेरातही आली. सगळ्या जागांवर बायकाच उभ्या कराव्यात, अशी सक्ती तेव्हा कोणत्याही आरक्षणाने केली नव्हती. महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्या त्या २०११ मध्ये, म्हणजे मेटिखेड्यानंतर वीसेक वर्षांनी.

आणि ‘राखीव आहे म्हणून निवडून येते, आरक्षण गेलं की घरी’ हे तर मोजून तपासता येतं. रिखिल भवनानी या अभ्यासकाने मुंबई महापालिकेच्या वॉर्डांची तपासणी केली. १९९७ ला बायकांसाठी राखीव असलेले जे वॉर्ड २००२ ला खुले झाले, तिथे बाई निवडून येण्याची शक्यता आधी राखीव नसलेल्या वॉर्डांच्या जवळपास पाचपट निघाली. त्याचा निबंध २००९ ला प्रसिद्ध झाला. मुंबई म्हणजे अचलपूर नव्हे, हे कबूल. पण पश्चिम बंगालच्या खेड्यांतही लोरी बीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असंच दिसलं. पहिल्यांदा बाई प्रधान झाली की गाव तिला, पुरुषाइतकंच काम केलं तरी, कमी गुण देतं. गावाने बाईचा कारभार पाहिला की ही अढी सैल होते, आणि दोनदा आरक्षण पडलेल्या ठिकाणी बायका खुल्या जागांवरही उभ्या राहतात, जिंकतात. म्हणजे बाईला शिकायला लागतो त्याहून जास्त वेळ गावाला लागतो. आपल्याकडे मात्र पाच वर्षांत तिला ग्रामसेवकाची भाषा, निधीची लेखाशीर्षं, ठरावातल्या पळवाटा कळू लागतात, तोवर नवी सोडत निघते आणि जागा फिरते.

आता गोड मताकडे येतो.

सिंधुताई सपकाळांना आपण माई म्हटलं, ते त्यांनाही आवडायचं. त्यांचं सार्वजनिक काम सुरू झालं ते आमच्याच डोंगरात, चिखलदऱ्याला. व्याघ्रप्रकल्पापायी मेळघाटातल्या आदिवासींवर गाव सोडायची पाळी आली तेव्हा त्या त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. मुलींचं वसतिगृहही त्यांनी चिखलदऱ्यालाच काढलं. २०२१ ला पद्मश्री मिळाली, ४ जानेवारी २०२२ ला त्या गेल्या, आणि मृत्युलेखांत सगळीकडे वात्सल्य, ममता, मायेची ऊब हेच शब्द ओसंडत होते. माया होतीच. पण नुसत्या मायेने शेकडो लेकरांच्या ताटात रोज भाकर पडत नाही. सरकारी अनुदानावर विसंबून न राहता, गावोगाव भाषणं करून, पदर पसरून त्यांनी संस्थांचा खर्च चालवला. समोरचा श्रोता कधी हसवायचा, कधी रडवायचा आणि खिशात हात कधी घालायला लावायचा, याचं त्यांचं गणित पक्कं होतं. हेच एखाद्या पुरुषाने केलं असतं तर त्याला आपण कुशल संघटक म्हटलं असतं. त्यांना आई म्हणून आपण मोकळे झालो. आईला हिशेब विचारत नाहीत हे खरं, पण आईला पगारही देत नाहीत.

डॉ. स्मिता कोल्हे यांची गोष्ट पाहा. मेळघाटातल्या बैरागडच्या कोल्हे दांपत्याला २०१९ ची पद्मश्री एकत्र मिळाली. गोष्ट सांगणारे मात्र दरवेळी वराच्या चार अटींपासून सुरुवात करतात. चाळीस किलोमीटर चालायची तयारी, पाच रुपयांत लग्न, महिन्याला चारशे रुपयांत संसार आणि वेळ पडली तर दुसऱ्यांसाठी भीक मागायची तयारी. मग वाक्य येतं, ‘आणि तिने त्या मान्य केल्या.’ नागपुरात दवाखाना चालवणाऱ्या, कायदाही शिकलेल्या डॉक्टरचं कर्तृत्व एका होकारात गुंडाळलं जातं. तीसेक वर्षं बैरागडला तग धरणं ही मान्यता नव्हे, तो रोजचा निर्णय आहे.

आणि बाईपण खरोखर कामी येतंच, तर कुठे येतं तेही नीट पाहायला हवं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी वासा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. त्यांतल्या ९२ टक्क्यांना स्त्रीरोग निघाला, आणि आधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९ ला ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं, तेव्हा खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, ही जगभरच्या शहाण्यांची समजूत हलली. बाईपणाने त्यांना बायकांच्या घरात प्रवेश दिला. पुढचं सगळं काम प्रशिक्षणाचं, नमुना निवडण्याचं, नोंदी ठेवण्याचं होतं. त्याला काळीज म्हणणं हा त्यांच्या शास्त्राचा अपमान आहे.

कोर्टकचेरी बाईला झेपत नाही, हा त्या पहिल्या, ‘डोकं नाही’ मताचा धाकटा भाऊ. मेळघाटातल्या बालमृत्यूंचा प्रश्न १९९३ ला उच्च न्यायालयात नेला तो शीला बारसे यांनी. पुढे ‘खोज’ संस्थेच्या पूर्णिमा उपाध्याय याच प्रश्नावर याचिका घेऊन तिथे गेल्या. याच संस्थेच्या साथीने परतवाड्याजवळच्या पायविहीर, उपातखेडा या गावांनी सामूहिक वनहक्क मिळवले. वनहक्काच्या ग्रामसभेत हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश बायका असाव्यात, असा नियम आहे. म्हणजे बायका चुलीपाशी राहिल्या तर जंगलाचा ठरावच कच्चा राहतो. ही अट कोणाच्या दयेने आलेली नाही. सरपण, मोह, तेंदू कोण गोळा करतं हे ज्यांना माहीत होतं, त्यांना ती सुचली.

हिशेबाचं म्हणाल, तर बचत गटांवरच्या अनेक मराठी पुस्तकांत एक वाक्य हमखास सापडतं, की १९४७ ला अमरावती जिल्ह्यात बायकांनी पंचवीस पैशांपासून बचत गट सुरू केला. (दशमान पैसे १९५७ चे, तेव्हा ते चार आणे असणार. पुस्तकं एकमेकांवरून उतरवली जातात ती अशी.) आजच्या गटात दहा-बारा बायका, एक ठराव वही, एक रोख वही आणि प्रत्येकीचं पासबुक. कोणाला कर्ज द्यायचं, कोणाचा हप्ता थांबवायचा, दारूड्या नवऱ्याच्या नावाने मागितलेलं कर्ज नाकारायचं कसं, हे निर्णय तिथे महिन्याच्या महिन्याला होतात. बँकेचा मॅनेजर असं कर्ज नाकारतो तेव्हा संध्याकाळी त्याच विहिरीवर पाण्याला जात नाही. गटाची अध्यक्षीण जाते.

आता तिसरीच गंमत. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशाताईंना ‘ग्लोबल हेल्थ लीडर्स’ पुरस्कार दिला. जग त्यांना आरोग्याच्या क्षेत्रातल्या नेत्या म्हणालं, आणि आपल्या सरकारी कागदावर त्या स्वयंसेविका राहिल्या, मानधन आणि कामागणिक मोबदला घेणाऱ्या. मेळघाटातून रात्री अडलेल्या बाईला घाटाखाली अचलपूरला आणायचं, तिथे निभलं नाही तर पन्नासेक किलोमीटरवर अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात न्यायचं, नवऱ्याची समजूत घालायची, सासूशी भांडायचं, रक्ताची सोय पाहायची, आणि सकाळी परत गावात सर्वेक्षणाला हजर. हे सगळं करणाऱ्यांना २०२४ च्या सुरुवातीला वाढीव मानधनासाठी मुंबईच्या आझाद मैदानात बसावं लागलं. सत्काराला शाल लगेच मिळते. मानधनाच्या शासन निर्णयासाठी संप लागतो.

सेवेत पैशाची भाषा आली की सेवा बाटते, असं म्हणणारे सज्जन मला या भागात पुष्कळ भेटतात. ही गाडगेबाबांची, तुकडोजी महाराजांची भूमी आहे, असं ते आठवण करून देतात. भूमी त्यांची आहेच. पण त्याच भूमीतल्या सुलोचनाबाई डोंगरे यांची आठवण सज्जनांना नसते. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्ष अमरावतीच्या या बाई. त्या परिषदेने त्यागाचं गुणगान केलं नाही. घटस्फोटाचा हक्क मागितला, गिरणीत नि विडीच्या कारखान्यांत राबणाऱ्या बायकांना रजा, इजेची भरपाई आणि पेन्शन मागितलं, गिरण्यांत बायकांवर देखरेखीला बायकाच नेमा म्हटलं, आणि प्रतिनिधी संस्थांत राखीव जागा मागितल्या. गिरणीचं गाव म्हणवणाऱ्या अचलपूरला हे ठराव तरी पाठ असायला हवे होते. ऐंशी वर्षांपूर्वी या बायकांना जे स्वच्छ दिसलं, ते आपल्याला अजून धूसर दिसतं. काम केलं तर त्याचा दाम आणि कामावर अधिकार, इतकंच त्यांचं म्हणणं.

तेव्हा मला काय हवं आहे ते सरळ सांगतो. आपल्या गावातल्या शाळा, वसतिगृहं, वाचनालयं, आश्रम चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थांचे कागद काढून पाहा. प्रत्यक्ष दररोज संस्था उघडणारी, मुलांचं जेवण बघणारी, देणगीदारांच्या मागे फिरणारी बाई विश्वस्तांच्या यादीत आहे का? असली तर बँकेत सही तिची चालते का, की ती ‘महिला सदस्य’ म्हणून कोरम भरायला आहे? धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट दाखल करायला फार मोठी क्रांती लागत नाही. वकिलाची फी लागते आणि आहेत त्या विश्वस्तांचा ठराव लागतो. अडतं ते ठरावापाशी.

दुसरं, सरपंचबाईला मासिक सभेसाठी, तालुक्याच्या कामासाठी जाण्या-येण्याचा खर्च वेळेवर आणि तिच्याच खात्यात मिळावा. ती नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून पंचायत समितीत येते, याचं कारण पुष्कळदा इतकंच असतं की एसटी वेळेवर नाही आणि रिक्षाचे पैसे तिच्या हातात नाहीत. मग साहेबाच्या केबिनमध्ये बोलतो तो मोटारसायकल चालवणारा.

आणि तिसरं म्हणजे सोडत. बायकांचं आरक्षण त्याच गावात सलग दोन मुदती ठेवावं, ही मागणी विधिमंडळात कोणी मांडेल तेव्हा मांडेल. तोवर एक गोष्ट आजच करता येते. जागा खुली झाली की ‘ताई, आता तुमची पाळी संपली’ असं म्हणायला वॉर्डातली चार वजनदार माणसं घरी येतात. त्यांना विचारावं, की खुल्या प्रवर्गातली जागा पुरुषांसाठी राखीव असते, असं निवडणूक आयोगाच्या कोणत्या परिपत्रकात लिहिलं आहे. मग उमेदवारी अर्ज द्यायला तहसील कार्यालयात जावं, आणि सूचक बचत गटातलीच घ्यावी.