घर माझं, कडी बाहेरून

आजीच्या जात्यावरच्या ओव्या तिच्याच आवाजात माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये आहेत. पुण्यातल्या घरच्या त्या लॅपटॉपवरून जर्मनीतल्या मावसबहिणीला त्या ऐकता याव्यात, एवढीच इच्छा होती. कुणाच्या क्लाउडवर चढवायच्या नव्हत्या.

यासाठीची युक्ती जुनी आहे. घरातले फोन, टीव्ही, लॅपटॉप या सगळ्यांना मिळून बाहेर एकच पत्ता असतो. त्यामुळे बाहेरून कुणी आलं, तर ते कुणाकडे आलंय हे राउटरला कळत नाही. ते सांगून ठेवायचं: ४४३ नंबरच्या पोर्टवर कुणी आलं, की लॅपटॉपकडे पाठव. हेच पोर्ट फॉरवर्डिंग. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून बऱ्याच राउटरांवर दहा मिनिटांत होतं.

मी केलं. चाललं नाही. राउटरचा बाहेरचा पत्ता पाहिला, तर तो १००.६४ने सुरू होणारा. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२पासून सेवा कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखीव आहे. म्हणजे माझ्या राउटरच्या वर कंपनीचा आणखी एक राउटर, आणि अनेक घरांत मिळून एक पत्ता. याला सीजीनॅट म्हणतात. वरच्या राउटरला मी काहीच सांगू शकत नाही. माझ्या घराची कडी बाहेरून आहे.

ग्राहक सेवेत फोन केला. उत्तर आलं, "सर, व्हिडिओ चालतायत ना?"

माझा राग या प्रश्नावर आहे. इंटरनेट म्हणजे मोठा टीव्ही, हे कुणी ठरवलं? टिम बर्नर्स-ली यांनी १९९०मध्ये लिहिलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पानं वाचता यायची, तशी लिहिताही यायची. आपल्या वाट्याला फक्त बघणं आलं.

पत्ते संपले, हे खरं. आयपीव्ही४चे पत्ते जेमतेम ४३० कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११मध्ये वाटले गेले. पण आयपीव्ही६चा मसुदा १९९५पासून तयार आहे आणि त्यात पत्त्यांचा तुटवडा नाही. तेव्हा ही सबब किती वर्षं ऐकायची?

दुसरी सबब सुरक्षेची. तीही खोटी नाही. २०१६मध्ये 'मिराई'ने घरोघरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, कारण त्यांचे पासवर्ड कारखान्यातून आले तसेच होते. म्हणून दार बंदच असावं, मान्य. पण ते उघडायचा हक्क घरमालकाचा. मित्र म्हणतात, "टनेल वापर." वापरतो, पण मग पुन्हा तिसऱ्याच कुणाच्या तरी सर्व्हरवर विसंबणं आलं.

'अनलिमिटेड' असं ठळक छापणाऱ्या कंपन्यांनी पत्ता स्वतंत्र की सामायिक, हेही छापावं. आणि नवं कनेक्शन घेताना तुम्ही स्पीडच्या आधी हे विचारा: पब्लिक आयपी मिळेल का, कितीला? आयपीव्ही६ आहे का, आणि राउटरमधून आत येणारी वाट मला उघडता येईल का?

ओव्या शेवटी मी क्लाउडवरच चढवल्या. बहिणीने ऐकल्या, रडली. त्या फुकट जागेचे नियम मी अजून पूर्ण वाचलेले नाहीत.