कच्च्या हातांची नसबंदी

उल्हासनगर कॅम्प ४ मध्ये रात्री उशिरा विठ्ठलवाडी स्थानकातून उतरून लालचक्कीकडे चालत जाणाऱ्याला भटक्या कुत्र्यांचा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. कुणाला चावा बसला की लोकप्रतिनिधी निवेदन देतात, प्राणिप्रेमी त्याला हरकत घेतात आणि प्रशासन निर्बीजीकरणाची निविदा काढते. ही शस्त्रक्रिया करणार कोण आणि त्याला ती शिकवली कोणी, हे मात्र या गदारोळात कुणी विचारत नाही.

कायद्यापुरते बोलायचे तर वाट एकच आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात पिसाळलेले व आक्रमक कुत्रे वगळता इतरांना नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास सांगितले. त्यानंतर ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, स्थानके अशा ठिकाणांबाबत न्यायालय अधिक कठोर झाले, तरी नसबंदी टळली नाहीच. म्हणजे सारा भार अखेर शस्त्रक्रियेच्या टेबलावर येतो.

नराची नसबंदी तुलनेने सोपी. मादीची तशी नाही. भुलीत पोटावर लहानसा छेद घेऊन खोल बसलेले अंडाशय बोटाने वर ओढायचे, रक्तवाहिन्यांच्या देठाला घट्ट गाठ मारायची आणि मगच कापायचे. ही गाठ सुटली तर पोटातल्या पोटात रक्तस्राव होतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो वेळेवर कळत नाही. अंडाशयाचा तुकडा मागे राहिला तर मादी पुन्हा माजावर येते. भुलीत शरीर थंड पडले किंवा टाके उसवले, तर कुत्री पिंजऱ्यातच दगावते. वस्तीत सोडल्यावर जखम चिघळली, तर पुढच्या वेळी कुत्रे पकडणारी गाडी आली की रहिवासीच आडवे येतात. एका फसलेल्या शस्त्रक्रियेने अख्ख्या गल्लीचा विश्वास जातो.

हा हात पदवीबरोबर आपोआप येत नाही. आपले पशुवैद्यकीय शिक्षण आणि सरकारी सेवा प्रामुख्याने गाई-म्हशींभोवती उभी आहे आणि ग्रामीण महाराष्ट्रासाठी ते योग्यच आहे. पण त्यामुळे अनेक तरुण पशुवैद्य कुत्रीचे पोट पहिल्यांदा स्वतः उघडतात ते थेट ठेकेदाराच्या केंद्रात. तिथे देयक निघते ते नगावर. पाठीशी अनुभवी शल्यविशारद उभा नसतो आणि दिवसाचा आकडा गाठायचा असतो. नवख्याला घाईत उभे करायचे आणि कुत्री मेली की त्यालाच दोषी ठरवायचे, ही पद्धत मुक्या जनावरावर जितकी अन्यायकारक, तितकीच त्या डॉक्टरवरही.

हे शिकवता येते, याचा पुरावा देशातच आहे. वर्ल्डवाइड व्हेटर्नरी सर्व्हिस ही संस्था उटीच्या केंद्रात पशुवैद्यांना अनुभवी शल्यविशारदाच्या देखरेखीखाली हीच शस्त्रक्रिया शिकवते. तिच्याशी जोडलेल्या ‘मिशन रेबीज’ने गोवा सरकारच्या साथीने घरोघरी, गल्लोगल्ली लसीकरण केले आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झाले. तिथे यश आले ते प्रशिक्षित माणसे वर्षानुवर्षे कामावर टिकल्याने.

उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा यांच्या हद्दी कुत्र्यांना ठाऊक नाहीत. तिघांनी आपापली ठिगळे लावण्यापेक्षा एकच सुसज्ज केंद्र उभारावे आणि तेच प्रशिक्षण केंद्रही करावे. १८८६ पासून चालत आलेले परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय याच मध्य रेल्वेच्या मार्गावर आहे. तिथल्या प्रशिक्षणार्थींना या केंद्रात पाठवता येईल. आधी पाहणे, मग साहाय्य, मग देखरेखीखाली स्वतः शस्त्रक्रिया आणि शेवटी स्वतंत्र काम, अशी पायरी ठेवावी. प्रत्येकाच्या शस्त्रक्रियांची नोंदवही असावी.

यासाठी पैसा कुठून, असे विचारले जाईल. फसलेल्या शस्त्रक्रिया, पुन्हा होणारी पिल्ले आणि रेबीजच्या लशींवर होणारा खर्च कुणाच्या खिशातून जातो, हेही मग विचारावे लागेल. पुढच्या निविदेत किती कुत्रे, याबरोबर शस्त्रक्रिया करणाऱ्याचे प्रशिक्षण कुठे झाले आणि केंद्रातला मृत्युदर किती, हे दोन रकाने सक्तीचे करावेत व ते दरमहा नागरिकांसमोर मांडावेत. ते रिकामे ठेवणाऱ्या ठेकेदाराला एक रुपयाही देऊ नये.